दिघेसाहेबांचा तिसरा रकाना

दिघेसाहेबांना ताप आला की ते तीन डॉक्टरांकडे जायचे. तिघांच्या चिठ्ठ्या घेऊन घरी यायचे, कपाळावर ओला पंचा ठेवायचे आणि एका मोठ्या कागदावर उभ्या रेघा मारून तिघांची तुलना करायला बसायचे. औषधाचा भाव, रिक्षाचं भाडं, किती दिवसांत गुण, पथ्य किती जाचक. तुलना पुरी होईपर्यंत बहुधा ताप उतरलेला असायचा. मग तो कागद ते फाइलला लावून ठेवत, पुढच्या तापाला उपयोगी पडेल म्हणून.

बडोद्याजवळ वाघोडियाच्या एका पंपाच्या कारखान्यात, खरेदी खात्यात, मी त्यांच्या हाताखाली बावीस वर्षं काढली. राहायलाही आम्ही रावपुऱ्यात भिंतीला भिंत लावून. सकाळी कंपनीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी, दिवसभर ते माझ्या समोर आणि संध्याकाळी भिंतीपलीकडे पुन्हा तेच. इतका सहवास माझ्या बायकोचाही मला झाला नाही.

खरेदी खात्याचा नियम साधा असतो. कुठलीही वस्तू घ्यायची तर तीन ठिकाणांहून भाव मागवायचे आणि ते एका कागदावर तीन रकान्यांत शेजारी शेजारी मांडायचे. ह्याला आम्ही तक्ता म्हणायचो. दोनच भाव आले तर तक्ता परत. सर्वांत कमी भाव ज्याचा, त्याच्या रकान्यावर लाल पेन्सिलीने 'एल-वन' असा शेरा. तळाशी तीन सह्या: करणारा, तपासणारा, मंजूर करणारा. एल-वन सोडून दुसऱ्याचा माल घ्यायचा असेल तर लेखी कारण द्यावं लागे. दिघेसाहेब करणारे होते आणि मी हाताखालचा, बेरजा तपासणारा.

बाकीची माणसं हा नियम पाच वाजता टेबलाच्या खणात ठेवून घरी जात. दिघेसाहेब तो डब्याच्या पिशवीतून घरी आणत. खंडेराव मार्केटात पावशेर भरताच्या वांग्यांसाठी तीन टोपल्यांपुढे उकिडवे बसत. आणि नुसता भाव सांगितलेला त्यांना कधीच पुरत नसे. "भाव सोडा, लँडेड सांगा!" हे त्यांचं पालुपद. लँडेड म्हणजे वस्तू दारात येऊन पडेपर्यंतचा एकूण खर्च. भाजीवाली म्हणायची, "साहेब, लँडेड नथी, आ तो देशी रींगणां छे."

सुमनवहिनी हे सगळं हसण्यावारी न्यायच्या. एकदा गणपतीत आम्ही प्रसादाला बसलो असताना त्या म्हणाल्या, "भावजी, हे मला पाहायला आले ना, त्याआधी दोन मुली पाहून ठेवल्या होत्या. माझा तिसरा नंबर. तक्ता पुरा करायचा होता म्हणून मला पाहिलं."

"तसं काही नाही," दिघेसाहेब गंभीरपणे म्हणाले. "हिचं माहेर ह्याच गल्लीत होतं. वाहतूक खर्च शून्य."

मूलबाळ त्यांना नव्हतं. वहिनी जवळच्या एका बालवाडीत शिकवायच्या. शिकवायच्या म्हणजे बोलायच्या. वाघ, माकड, राजा, राणी, सगळ्यांचे आवाज त्या काढत आणि पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत. घरी आल्या की दिवसभराचा वृत्तान्त भिंतीतून आम्हालाही फुकट मिळायचा, अर्धा मराठी आणि अर्धा गुजराती.

त्या बालवाडीतल्याच एका पोरीने पहिल्यांदा सांगितलं. "बाई, तुमचा एक डोळा झोपला."

खरंच डावी पापणी खाली आली होती. सकाळी नीट असायची आणि दुपार कलली की पडायची. आधी चष्म्यावर गेलं, मग थकव्यावर. पुढे संध्याकाळी बोलता बोलता वहिनींचा आवाज नाकातून यायला लागला. राक्षसाचा आवाज काढायला गेल्या की शेवटचं वाक्य विरून जाई. जेवताना अर्ध्या पोळीनंतर हनुवटीला हात लावून जबडा हलवावा लागे. भिंतीपलीकडचा वृत्तान्त हळूहळू बंद झाला. माझी बायको म्हणाली, "काहीतरी वाईट आहे हो."

आजाराला नाव मिळायला तीन डॉक्टर लागले. तिघांची गरज खरोखरच पडली असा तो एकच प्रसंग. मायस्थेनिया ग्रॅव्हिस. तिसरे डॉक्टर गुजराती होते, मोठे, शांत. वहिनींबरोबर आम्ही दोघं होतो. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा निरोप नसांमधून स्नायूपर्यंत नीट पोचतो, पण स्नायूच्या दारात तो घेणारं कोणी उरत नाही. पहिले काही निरोप घेतले जातात, मग दार लागतं. विश्रांती दिली की पुन्हा थोडं उघडतं. पापणीचं, जबड्याचं हे आज झालंय. उद्या श्वासाच्या स्नायूंचं झालं तर ते जिवाशी येईल.

उपाय दोन. एक, गोळ्या: दर चार तासांनी एक, शिवाय स्टिरॉइड, वर्षानुवर्षं. त्यातून साखर वाढेल, हाडं ठिसूळ होतील, चेहरा सुजेल. दुसरा, ऑपरेशन: छातीचं हाड उघडून त्याच्यामागची एक ग्रंथी काढून टाकायची. खर्च एकरकमी आणि मोठा. गुण आला तरी वर्ष-दोन वर्षांनी येणार, कदाचित येणारही नाही. गोळ्या कमी होतील, बहुतेक. टेबलावर धोका आहे. "पण करवानुं होय तो वहेलुं," डॉक्टर म्हणाले. करायचं तर लवकर.

दिघेसाहेबांनी खिशातून वही काढली. "ऑपरेशनला गॅरंटी किती वर्षांची?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बरं, गोळ्यांचा भाव पुढच्या दहा वर्षांत किती वाढेल असा आपला अंदाज?"

"दिघेभाई," डॉक्टर म्हणाले, "तमे पंप नथी खरीदता."

परतताना रिक्षात वहिनी मधे बसल्या होत्या, पापणी बोटाने वर धरून. दिघेसाहेब वहीत रेघा मारत होते. मला त्यांचा राग आला. तो पुढे कितीतरी दिवस गेला नाही.

त्या दिवसापासून तक्ता सुरू झाला. खर्चाची बाजू त्यांना अवघड नव्हती. अडचण आली ती फायद्याच्या बाजूला. पंप तासाला किती लिटर पाणी उचलतो ते मोजता येतं, बायकोचं काय मोजायचं? दोन आठवडे ते ह्यावर अडले. मग एका सकाळी बसमध्ये माझा दंड धरून म्हणाले, "रानडे, सापडलं. चांगला तास!"

चांगला तास म्हणजे ज्या तासात वहिनींची पापणी बुबुळावर आली नाही, हात न लावता चावता आलं आणि एका श्वासात पंचवीसपर्यंत मोजता आलं, तो तास. एका श्वासात मोजायची परीक्षा डॉक्टरांचीच होती, श्वासाचा जोर बघायला. दिघेसाहेबांनी ती घरात आणली. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी साडेसहा. दुपारची नोंद माझी बायको घ्यायची. भिंतीतून आता वृत्तान्ताऐवजी आकडे यायला लागले. सकाळी बत्तीसपर्यंत जायचे आणि संध्याकाळी चौदावर थांबायचे. आम्ही चहाचा कप हातात धरून पुढच्या आकड्याची वाट बघायचो आणि तो यायचा नाही.

एकदा संध्याकाळी वहिनी "अकरा, बारा, सतरा, अठरा" असं म्हणाल्या.

"मधले चार कुठे गेले?" दिघेसाहेबांचा आवाज.

"रजेवर आहेत," वहिनी म्हणाल्या.

ह्या मोजणीपायी घराचं वेळापत्रकच उलटं झालं. जबडा सकाळी ताजा असतो हे आकड्यांवरून निघालं, म्हणून दिघेसाहेबांनी जेवण सकाळी आठ वाजता आणलं. वरण, भात, पोळी, भाजी, कोशिंबीर, सगळं आठला. पहाटे उठून कणीक ते स्वतः मळायचे. संध्याकाळी दोघंही पेज प्यायचे. ते का पेज पितात, त्यांचा जबडा तर ठणठणीत आहे, असं मी विचारलं तर म्हणाले, "दोन स्वयंपाकांचा गॅस मोजलात का?" मी तेवढ्यावर विश्वास ठेवला. मी मूर्ख होतो.

महिने जात होते. गोळ्या थोड्या चालू केल्या होत्या, त्यांनी पापणी सावरली, पण आवाज नाही. बालवाडी सुटली. डॉक्टर विचारत, काय ठरलं? दिघेसाहेब म्हणत, तक्ता पुरा होतोय. खरं म्हणजे आकडे केव्हाच पुरे झाले होते. अडलं होतं ते तिसऱ्या भावावर. दोन रकान्यांचा तक्ता त्यांना करवत नव्हता. बाकीच्या जगात दोनच उपाय आहेत म्हणून नियम कसा मोडायचा?

मग तिसऱ्याचा शोध. लहरीपुऱ्याच्या दरवाजाजवळ एक म्हातारे वैद्य बसत. दिघेसाहेब वहिनींना तिकडे घेऊन गेले. वैद्यांनी बराच वेळ नाडी बघितली, जीभ बघितली आणि हात जोडले. "हे माझ्या हातचं नाही. मोठ्या डॉक्टरांकडे न्या, उशीर करू नका." पैसेही घेतले नाहीत. असा प्रामाणिक माणूस भेटला तर कोणीही शहाणा झाला असता. दिघेसाहेबांनी वहीत लिहिलं: 'तिसऱ्याने भाव देण्यास नकार.'

शेवटी सात महिन्यांनी, कंपनीच्या जेवणाच्या सुट्टीत, त्यांनी पुरा केलेला तक्ता माझ्यापुढे पसरला. पहिला रकाना ऑपरेशन. दुसरा गोळ्या. तिसऱ्याच्या डोक्यावर लिहिलं होतं: 'काही न करणे.'

"हे काय?" मी विचारलं.

"तीन पाहिजेत ना. तपासा."

मी तपासलं. बावीस वर्षांची सवय होती. प्रत्येक बेरीज करून बघितली, प्रत्येक ओळीपुढे टिंब दिलं, एका गुणाकारात हातचा विसरला होता तो दुरुस्त केला. काही न करण्याचा खर्च अर्थातच सर्वांत कमी आला. आणि बोलता बोलता, डब्यातली लोणच्याची फोड तोंडात असताना, मी लाल पेन्सिल उचलली आणि तिसऱ्या रकान्यावर एल-वन लिहिलं. खाली तपासणाऱ्याची सही केली. हाताने केलं. डोकं त्यात नव्हतं. दिघेसाहेबांच्याही ते लक्षात आलं नाही. लाल शेरा जिथे यायचा तिथे आला होता, एवढंच दोघांनी पाहिलं.

त्या रविवारी सकाळी आठला त्यांनी मला जेवायला बोलावलं. तक्ता ताटाशेजारीच होता, ऑपरेशन आणि गोळ्या ह्यांत कोण सरस ह्यावर माझ्याशी बोलायचं होतं. खर्च आणि चांगले तास ह्यांचा भागाकार दोन्हीकडे जवळजवळ सारखाच येत होता आणि त्यामुळे ते हैराण झाले होते. आम्ही बोलत असताना वहिनींनी हात पुसले आणि तो कागद ओढून घेतला. सात महिन्यांत पहिल्यांदाच. सावकाश, वरपासून खालपर्यंत वाचला. मग दिघेसाहेबांच्या खिशातलं पेन काढून तळाशी, मंजूर करणाऱ्याच्या जागी, सही केली. सुमन दिघे. खाली तारीखही घातली.

"झालं," त्या म्हणाल्या. "तिसरा."

दिघेसाहेब हसले. "अगं, तो नुसता भरतीचा रकाना आहे."

"एल-वन आहे. भावजींनी तपासलाय."

मी काहीतरी पुटपुटलो, चुकून, सवयीने. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"नाकारायचा असेल तर कारण द्यावं लागतं ना?" वहिनी म्हणाल्या. जेवण नुकतंच झालं होतं, जबडा दमला होता, शब्द नाकातून येत होते. "द्या मग कारण."

दिघेसाहेबांनी तोंड उघडलं. "ह्यात चांगले तास..." म्हणून थांबले. "दुसऱ्या वर्षापासून जर..." पुन्हा थांबले. खात्यात भल्याभल्यांना कारणांवरून घाम फोडणारा हा माणूस. त्यांनी तक्त्याकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं आणि तक्ता पालथा ठेवला.

"मला नाही चालायचं," ते म्हणाले.

"हे कारण नाही."

"मला नाही चालायचं, सुमन."

बायकोला माणसांदेखत नावाने हाक मारलेली मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली. ते उठले, हात न धुता टेलिफोनपाशी गेले आणि डॉक्टरांच्या घरी फोन लावला. ऑपरेशनची तारीख द्या म्हणाले. खर्च विचारला नाही.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो होतो. दिघेसाहेबांनी दोनदा घड्याळाला किल्ली दिली. मग समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "रानडे, मला हिशेब येत नव्हता असं नाही. ऑपरेशनला 'हो' म्हणायचं आणि आत काही झालं, तर तो 'हो' माझा. गोळ्या म्हणायचं आणि श्वास थांबला, तर तेही मीच म्हटलेलं. म्हणून वाटत होतं, आकड्यांनी सांगावं. मी नुसता लिहून घेईन."

सात महिने मी ह्या माणसाला कंजूष समजत होतो.

वहिनी वाचल्या. पाच दिवस श्वासाच्या यंत्रावर होत्या, मग घरी आल्या. पहिलं वर्ष काही फरक नाही. दुसऱ्या वर्षी गोळ्या निम्म्या झाल्या, संध्याकाळचा आवाज परत आला, बालवाडीत रोज दोन तास जायला लागल्या. राक्षस मात्र पूर्वीसारखा मोठा झाला नाही, जरा सर्दी झालेला वाटायचा. पोरांची तक्रार नव्हती. भिंतीतून पुन्हा वृत्तान्त यायला लागला तेव्हा माझ्या बायकोने डोळे पुसले.

असं आणखी दीड वर्ष गेलं. मग एका थंडीत छातीत कफ झाला, श्वासाचे स्नायू तेवढ्या ओझ्याला पुरे पडले नाहीत आणि आठ दिवसांत वहिनी गेल्या.

सात महिने आधी ऑपरेशन झालं असतं तर? डॉक्टर म्हणाले, ते कोणीच सांगू शकत नाही. दिघेसाहेबांनी मला एकदाच विचारलं, बाराव्यानंतर. "तुम्ही तपासून सांगा, रानडे. फरक पडला असता?" मी म्हटलं, नाही. आयुष्यात ती एक गोष्ट मी न तपासता मंजूर केली. त्यांनी मान हलवली. विश्वास बसला नसणार. माझाही बसलेला नाही.

ते निवृत्त झाले, पाठोपाठ मीही. बाजारात ते आता पहिल्याच टोपलीवरून भाजी घेतात आणि पिशवी न बघता घरी आणतात. भाजीवाल्या बायांना चुकल्यासारखं होतं, त्या स्वतःहून भाव कमी करून सांगतात. दिघेसाहेबांचं लक्ष नसतं.

गेल्या उन्हाळ्यात एक दिवस दुपारी बारा-साडेबाराला मी त्यांच्याकडे बसलो होतो. गोध्र्याचे एक गृहस्थ जिना चढून आले. चाळिशीचे, घामाघूम, काखेत बायकोच्या एक्स-रेचं मोठं पाकीट. इस्पितळात कोणीतरी सांगितलं होतं की रावपुऱ्यात एक मराठी साहेब आहेत, त्यांच्या घरी हीच बीमारी होती आणि त्यांच्याकडे सगळा हिशेब लिहिलेला आहे. ऑपरेशन परवडतं की गोळ्या? गृहस्थांनी दुकान विकायचं की नाही इथपर्यंत सगळं सांगितलं आणि हात जोडले.

मला वाटलं, आता कपाट उघडेल, फाइल निघेल. दिघेसाहेब उठले नाहीत.

"बेन क्यां छे?" त्यांनी विचारलं.

"नीचे. रिक्षामां."

"एमने पूछ्युं?"

त्या गृहस्थांना प्रश्नच कळला नाही. बायकोला काय विचारायचं, तिला ह्यातलं काय समजतं, असं काहीतरी ते म्हणाले. दिघेसाहेब माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "सात महिने मी अख्ख्या बडोद्याला विचारत फिरलो, रानडे. डॉक्टर झाले, वैद्य झाले. तुमच्याकडून बेरजा तपासून घेतल्या. ती तिथे बसून आकडे म्हणत होती. तिला एकदाही विचारलं नाही, तुला काय करायचंय."

मग त्यांनी चपला घातल्या. गुडघे धरत धरत जिना उतरले आणि आम्ही दोघं त्यांच्या मागे. रिक्षा उन्हात उभी होती. आत एक किरकोळ बाई बसली होती, पदराखालून हनुवटीला हात लावून. दिघेसाहेब वाकले.

"बेन, तमारे शुं करवुं छे?"

बाईने नवऱ्याकडे बघितलं. नवरा तिच्या वतीने बोलायला पुढे झाला. दिघेसाहेबांनी हात आडवा करून त्याला थांबवलं. बाईचे ओठ हलले, आवाज आला नाही, तिने पुन्हा श्वास घेतला. रिक्षावाल्याने घाई केली तर दिघेसाहेबांनी त्यालाही गप्प केलं. त्यांच्या डोक्यावर टोपी नव्हती, घाम कानावरून ओघळत होता. ते तसेच वाकून उभे राहिले, तिचं बोलणं पुरं होईपर्यंत.